पानाचा निरोप

दोन वर्षांपूर्वी हौसेने शेवंतीची कुंडी आणली. पाने हिरवीगार, पण दिवाळी सरली तरी कळीचा पत्ता नाही! खत घातले, माती बदलली... आई एकदा सहज म्हणाली, "अगं, झोपू दे की तिला. रात्रभर दिवा जळतोय डोक्यावर." गॅलरीतला तो दिवा मीच चालू ठेवायचे. बंद केला आणि काही आठवड्यांनी कळ्या दिसल्या.

मग वाचत सुटले. गार्नर आणि ॲलार्ड हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर 'मेरीलँड मॅमथ' तंबाखू उन्हाळाभर नुसता वाढायचा. हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायचा. दोघांनी कुंड्या रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवल्या. दिवस आखूड झाला आणि तंबाखू भर उन्हाळ्यात फुलला! हे १९२० साली छापून आले. पुढे १९३८ मध्ये कळले, की अशी झाडे खरे तर रात्र मोजतात. मध्येच थोडा उजेड पडला तरी हिशोब चुकतो. माझ्या शेवंतीचा चुकला तसा.

पण मनात राहिले ते मिखाईल चैलाख्यान. सोव्हिएत संघातले हे आर्मेनियन शास्त्रज्ञ. त्यांनी प्रयोगाला घेतली होती चक्क शेवंती! वरची पाने काढून टाकली. खालच्या पानांना आखूड दिवस दिला, उघड्या शेंड्याला लांब. तरी शेंडा फुलला. म्हणजे दिवस ओळखते पान आणि फुलतो शेंडा. मधे कुणीतरी निरोप नेत असणार! १९३०च्या दशकात त्यांनी त्या न दिसणाऱ्या निरोप्याचे नावही ठेवले, 'फ्लोरिजेन'.

तिकडे लायसेंकोच्या गटाने या कल्पनेला कडाडून विरोध केला. इतरत्र लोकांनी वर्षानुवर्षे शोधले, हाती काही लागेना, तेव्हा अनेकांचा विश्वासच उडाला. चैलाख्यान मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. १९९१ मध्ये ते गेले.

आणि २००७ मध्ये निरोप्या सापडला! पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारे एक प्रथिन. जर्मनीत मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात, जपानमध्ये भातात. नाव सत्तर वर्षे आधी, वस्तू नंतर... आणि नाव ठेवणारा सोळा वर्षांपूर्वीच गेलेला. हुरहूर लागली.

आईला सगळे सांगितले. शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे मी म्हटलं तेच ना!"

आता संध्याकाळी गॅलरीत अंधार असतो.