थप्पड आणि टाळ्या

रविवार, 27 मार्च 2022. हॉलिवूडचं डॉल्बी थिएटर, 94वा ऑस्कर सोहळा. वेळा लॉस एंजेलिसच्या.

दुपारी 4. प्रक्षेपणाला तास आहे, पण पारितोषिकं द्यायला सुरुवात झालीय. संकलन, ध्वनी, संगीत, कलादिग्दर्शन, रंगभूषा आणि तिन्ही प्रकारचे लघुपट, अशी आठ पारितोषिकं आधीच उरकायची आणि काटछाट करून नंतर कार्यक्रमात जोडायची, असं ठरलंय. कारण काय, तर वेळ वाचवायचा. माझ्या लेखी त्या रात्रीचा पहिला अपमान हाच. आयुष्यभर पडद्यामागे राबणाऱ्या माणसाला मिळणारा एक मिनिटसुद्धा आयोजकांना जड झाला.

संध्याकाळी 5. थेट प्रक्षेपण सुरू. 2018 नंतर पहिल्यांदाच सोहळ्याला सूत्रसंचालक आहेत: रेजिना हॉल, एमी शूमर आणि वांडा साइक्स.

त्यानंतरच्या दोन तासांत. हा क्षण मात्र जपून ठेवण्यासारखा. सहाय्यक अभिनेत्याचं नाव जाहीर करायला कोरियाच्या ज्येष्ठ अभिनेत्री युन यो-जंग आल्या आहेत. त्यांनी विजेता आधी हाताच्या खुणेने सांगितला, मग तोंडाने. ‘कोडा’ या सिनेमातला ट्रॉय कॉट्सर. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा पहिला कर्णबधिर पुरुष. त्याला बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याची ऑस्करची बाहुली युन स्वतःच धरून उभ्या राहिल्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या नाहीत, हात उंच करून हलवले. कसं वागावं हे या माणसांना चांगलं कळत होतं.

साडेसातच्या सुमारास. आपल्याकडे सोमवारी सकाळचे आठ. विनोदी कलाकार ख्रिस रॉक माहितीपटाचं पारितोषिक द्यायला आलाय. नामांकनांत रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ आहे: बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित महिला पत्रकारांवरचा. या विभागात नामांकन मिळालेला पहिला भारतीय माहितीपट.

रॉक पाकीट उघडण्याआधी समोरच्यांची फिरकी घेतो. अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथच्या केस काढलेल्या डोक्याकडे बघून ‘जी. आय. जेन’च्या दुसऱ्या भागाचा विनोद करतो. त्या सिनेमात डेमी मूरने मुंडण केलं होतं. जेडाला केस गळण्याचा आजार आहे, हे तिने 2018मध्येच जाहीरपणे सांगितलेलं. आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर ‘गुड हेअर’ नावाचा माहितीपट 2009मध्ये ज्याने केला, तोच हा रॉक. केसांची गोष्ट किती नाजूक असते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

जेडाचा नवरा, अभिनेता विल स्मिथ, आधी हसतो. जेडाचा चेहरा उतरतो. मग स्मिथ उठतो, रंगमंचावर चढतो आणि रॉकच्या कानशिलात लगावतो. जागेवर परत येऊन दोनदा शिवी घालून ओरडतो. अमेरिकेत आवाज बंद केला गेला, ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या प्रेक्षकांनी तो ऐकला.

पुढच्याच मिनिटांत. माझा जीव इथे अडकतो. पाकिटात ‘समर ऑफ सोल’ आहे. 1969च्या हार्लेम संगीत महोत्सवाचं चित्रीकरण, पन्नासेक वर्षं तळघरात पडून राहिलेलं. दिग्दर्शक क्वेस्टलव्हने ते बाहेर काढलं, जोडलं, जगापुढे ठेवलं. रॉक विजेते सांगताना म्हणतो, क्वेस्टलव्ह आणि चार गोरे. निर्माते तिघेच होते, आणि त्यातला जोसेफ पटेल भारतीय वंशाचा. क्वेस्टलव्ह रडत आईवडिलांचं नाव घेतो, पण समोरच्यांचे डोळे स्मिथवर आहेत. तळघरातून वर आलेली ती माणसं पुन्हा झाकली गेली.

सुमारे चाळीस मिनिटांनी. ‘किंग रिचर्ड’साठी सर्वोत्तम अभिनेता: विल स्मिथ. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. स्मिथ रडत अकादमीची आणि इतर नामांकितांची माफी मागतो. रॉकचं नाव नाही. (ती माफी दुसऱ्या दिवशी लेखी आली, 8 एप्रिलला अकादमीने त्याला 10 वर्षं बंदी घातली.) थप्पड मारणारा एकटा होता. टाळ्या मात्र सगळ्यांच्या होत्या, आणि मला त्या अजून ऐकवत नाहीत.

शेवटचं पारितोषिक, सर्वोत्तम चित्रपटाचं. लायझा मिनेली चाकाच्या खुर्चीत आहेत. हातातले कागद सावरेनात, शब्द अडखळतायत. शेजारची लेडी गागा खाली वाकते आणि कानाशी हळूच सांगते की मी आहे ना. दोघी मिळून नाव वाचतात: ‘कोडा’.