शाळेसमोरच्या ब्रेकरची गोष्ट

आजच्या एपिसोडमध्ये ना राजा आहे, ना लढाई. आज आहे स्पीड ब्रेकर. हो, तोच, ज्यावर गाडी आदळली की आपण नगरपरिषदेच्या नावानं बोटं मोडतो.

मी गंगाखेडचा. परभणीकडून येणारी आणि परळीकडे जाणारी वाहतूक आमच्या गावातूनच पुढे सरकते. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांना कट मारून जाणाऱ्या जीपा आणि मधूनच पाठीवर दप्तर घेतलेली पोरं. शाळा सुटायची वेळ आणि ट्रॅक्टरची रांग नेमकी एकत्र येते. मग पालक म्हणतात, "शाळेसमोर ब्रेकर टाका." साधी मागणी आहे. पण ती जगात आली कुठून, आणि मान्य झाली तेव्हा कशामुळे झाली, हे शोधायला मी बसलो आणि त्यातच गुंतलो.

चला, १९०६ सालात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात चॅटम नावाचं छोटं गाव आहे. मोटारगाड्या नव्या होत्या आणि त्या गावातून सुसाट जायच्या. गावानं काय केलं? लोक रस्ता ओलांडतात ती पट्टीच पाच इंच उंच करून टाकली. चालणारा माणूस वर, गाडी खाली. गाडीला हळू व्हावंच लागलं. आज ज्याला आपण 'उंच झेब्रा क्रॉसिंग' म्हणतो, त्याची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांना अशी सुचली होती.

पुढचं नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. आर्थर कॉम्प्टन. बारावी सायन्सवाल्यांनी ऐकलं असेल, 'कॉम्प्टन इफेक्ट'वाले. १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हे पुढे सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. विद्यापीठाच्या आवारात गाड्या फार जोरात जायच्या. १९५३ मध्ये कॉम्प्टन यांनी स्वतः उंचवट्याचं डिझाइन केलं. गाडी हळू नेली तर त्रास नाही, जोरात नेली तर दणका. म्हणजे ब्रेकरमागे गणित आहे, बरं का. डांबराचा ढीग ओतला की ब्रेकर झाला, असं नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग. नेदरलँड्स. आज आपण रील्समध्ये बघतो, तिथली पोरं सायकलवर निवांत शाळेत जातात. ते आधीपासून तसंच होतं, असं आपल्याला वाटतं. नव्हतं! दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही गाड्या वाढल्या, रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगीही त्या काळात अपघातात गेली. त्यांनी १९७२ मध्ये लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या. तो मथळाच पुढे चळवळीचं नाव झाला. आई-बाप आणि पोरं रस्त्यावर आडव्या सायकली टाकून बसली, गल्ल्या बंद करून तिथं खेळली.

पण रास्ता रोको करून ती थांबली नाहीत, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. नुसता निषेध नोंदवण्याऐवजी रस्ता कसा हवा, हेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. डेल्फ्ट शहरात निवासी गल्ल्यांची रचनाच बदलण्याचे प्रयोग झाले होते. वळणं, झाडं, बाक, गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना तिथं कायद्यानं मान्यता मिळाली.

आता आपल्याकडे येऊ. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानानं १९३२ मध्ये २७ बस घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. देशातल्या सुरुवातीच्या सरकारी बससेवांमधली ती एक. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, रस्ते डांबरी झाले, मग रुंद झाले. प्रत्येक वेळी गाडीचा वेग वाढला. शाळा मात्र जिथं होती तिथंच राहिली. बैलगाडीच्या काळात शाळा रस्त्याकडेला असणं सोयीचं होतं. वेग बदलला आणि तीच सोय धोका झाली.

वेग म्हणजे काय, एक छोटा हिशोब करू. ताशी ३० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते. ६० नं जाणारी जवळपास १७ मीटर. म्हणजे पोरगं समोर आलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच १७ मीटर संपले. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथं ताशी ३० ची मर्यादा मान्य केली.

भारतातही ब्रेकरचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच, गाडीचा वेग २५ च्या आसपास यावा म्हणून. वर रंगाचे पट्टे, अलीकडे सूचना फलक. २०१८ मध्ये या सूचना नव्यानं आल्या. आता गावातले ब्रेकर आठवा. हातभर रुंद, गुडघ्याला लागेल असे उंच, ना रंग, ना फलक. रात्री मोटारसायकलवाला थेट हवेत. २०१५ सालच्या सरकारी आकडेवारीत देशभरात ३,४०९ मृत्यू स्पीड ब्रेकरमुळे नोंदवले गेले. जीव वाचवायला टाकलेला उंचवटाच जीव घेतो. त्यामुळे मुरूम आणि डांबर आणून एका रात्रीत ब्रेकर टाकायचा राग मला कळतो, पण तो उपाय नाही.

मग करायचं काय? आधी विचारा, रस्ता कुणाचा? नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्ग? अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो फिरतच राहतो. राष्ट्रीय महामार्गावरचे ब्रेकर काढायचा आदेश केंद्रानं २०१६ मध्येच दिला होता, त्यामुळे तिथं नुसता 'ब्रेकर द्या' हा अर्ज मागे येऊ शकतो. तिथं रंबल स्ट्रिप, फलक, झेब्रा क्रॉसिंग, शाळा सुटताना पोलीस, असं मागता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याच्या सुरक्षेची ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि अर्जात आकडे टाका. शाळा सुटताना अर्ध्या तासात किती ट्रॅक्टर, किती ट्रक, किती जीपा जातात? मोबाईल तुमच्या खिशातच आहे. चार दिवस मोजा, व्हिडिओ काढा. चॅटमच्या लोकांनी पाच इंच मोजून उंची वाढवली, कॉम्प्टन यांनी गणित मांडलं, डच पालकांनी गल्लीची नवी रचना मागितली. ज्यांनी मोजून मागितलं, त्यांचं ऐकलं गेलं.

आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ब्रेकर येतो तो कुणाचं तरी पोर गेल्यावर. गंगाखेडात तो त्याआधी यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या शाळेसमोरचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, ते या आठवड्यात शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्या ऐकू. आणि गाडीवर हा एपिसोड ऐकत असाल, तर शाळा आली की हळू, बरं का!