सदैव कामावर

गणेशोत्सव, दिवाळी, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, गिरणीचा संप : इतरांच्या आयुष्यातले जे ठळक दिवस, ते पोलिसाच्या आयुष्यात ‘बंदोबस्त’ या एकाच शब्दात गोळा होतात. आपण कंदील लावतो तेव्हा तो नाक्यावर उभा असतो, आणि आपण सुट्टी संपवून कामाला लागतो तेव्हाही तो नाक्यावरच असतो. त्याच्याविषयी आपल्या मनात भीती असते, तक्रार असते, कधी थट्टाही असते. पण तो शेवटचा झोपला केव्हा, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

अलीकडे पोलिसांच्या मानसिक ताणाविषयी पुष्कळ बोलले जाते. एखाद्या शिपायाने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट केले किंवा वरिष्ठावर बंदूक रोखली, की चार दिवस चर्चा होते, योगासनांची शिबिरे भरतात, समुपदेशक येतात. हे उपाय वाईट आहेत असे नाही. परंतु त्यांच्यामागे असे एक गृहीत असते की बिघाड त्या माणसाच्या मनात आहे. इतिहास चाळला तर निराळेच दिसते. हा ताण मनात उपजण्याच्या फार आधी कायद्यात लिहिला गेला होता.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे राखणदार नव्हते असे नाही. गावात पाटील होता, जागल्या होता, रामोशी होता. तोही रात्री-अपरात्री उठे. पण तो आपल्या गावात, आपल्या घरी निजे. त्याचे वतन त्याच्या नावे असे आणि त्याच्या कामाला गावाची ओळख असे. त्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणी म्हणू नये. जातीने माथी मारलेले काम ते. तरीही त्या राखणदाराचे काम आणि त्याचे घर यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत उभी नव्हती. ती उभी केली नव्या पोलिसाने.

हा नवा पोलीस दोन ठिकाणांहून आला. लंडनमध्ये १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी निःशस्त्र, नागरी पोलीस उभा केला. हिंदुस्थानात मात्र आणला गेला तो आयर्लंडचा नमुना : बराकीत राहणारा, शिस्तीने बांधलेला, लोकांपासून अलग असलेला. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे तो प्रथम वापरला आणि मुंबई इलाख्याने पुढे सिंधचाच कित्ता गिरवला. १८५७ च्या उठावानंतर सरकारला स्वस्त आणि आज्ञाधारक दल हवे होते. १८६० च्या आयोगातून १८६१ चा पोलीस कायदा जन्मला. त्याच्या बाविसाव्या कलमाने ठरवले की प्रत्येक पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असे समजले जाईल. मुंबई इलाख्याचा पोलीस कायदा वेगळा होता. पण स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमातही हेच तत्त्व कायम राहिले. त्याच कायद्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. राज्य बदलले, निळा पोशाख जाऊन खाकी आला, पिवळी टोपी गेली, अर्धी विजार पुरी झाली. कलम मात्र हलले नाही.

या कलमाची एक बाजू न्यायाची आहे, ती सांगितली पाहिजे. पोलीस बाजारात भाजी घेत असताना समोर खून होत असेल, तर ‘माझी पाळी संपली’ असे म्हणून त्याला पाठ फिरवता येऊ नये. त्याचा अधिकार आणि कर्तव्य ही दोन्ही घड्याळाबरोबर उतरत नाहीत. इतकाच अर्थ घेतला तर कोणाचीही हरकत असणार नाही. पण ‘केव्हाही कामाला लागण्यास बांधलेला’ आणि ‘सदैव कामाला जुंपलेला’ यांत अंतर आहे, आणि शंभर-दीडशे वर्षांच्या रोजच्या कारभारात ते अंतर पुसले गेले. ठाण्यात माणसे कमी पडली की कायद्याने दिलेला हा अमर्याद वेळ खर्ची घालावा. त्याला वेगळा पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. मनुष्यबळाची तूट भरून काढण्याची याहून स्वस्त युक्ती कोणत्या खात्याला सापडली असेल?

*

खुद्द इंग्लंडात काय घडले, हे येथे पाहण्याजोगे आहे. पीलचा शिपाईही आठवड्याचे सातही दिवस राबत असे. १८७२ आणि १८९० साली लंडनच्या पोलिसांत असंतोष उघड झाला. पुढे पोलिसांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकाचा संपादक जॉन केम्पस्टर याने आठवड्याच्या सुट्टीची मागणी नेटाने लावून धरली. १९०८ साली पार्लमेंटची समिती बसली आणि १९१० साली पोलिसांच्या साप्ताहिक विश्रांतीचा स्वतंत्र कायदाच झाला. महायुद्धात ही सुट्टी पुन्हा आवळली गेली, महागाई वाढली, आणि ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले. साम्राज्याच्या राजधानीत पोलिसांनीच संप करावा, याने सरकार हादरले. १९१९ च्या दुसऱ्या संपात भाग घेणाऱ्यांना सरसकट बडतर्फ केले गेले. पण त्याच वर्षी लॉर्ड डेसबरो यांच्या समितीने पगार व सेवेच्या अटी सुधारल्या, आणि कायद्याने संप व युनियन यांना बंदी घालतानाच पोलिसांचे म्हणणे मांडण्यासाठी ‘पोलीस फेडरेशन’ ही संस्था निर्माण केली. एक दार बंद केले, तर दुसरे उघडले.

हिंदुस्थानात त्याच साम्राज्याने १९०२ साली अँड्रू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याचे शिक्षण अपुरे आहे, आणि लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात, असे या आयोगाने स्पष्ट लिहिले. पण त्याच आयोगाच्या दृष्टीने शिपायाचे काम हे यांत्रिक काम होते : पहारा, गस्त, कैदी नेणे-आणणे. विचार करण्याचे काम वरच्याने करावयाचे. शिपायाला महिना किमान आठ रुपये द्यावेत, अशी शिफारस झाली. यंत्राला विश्रांती कशाला लागते? १९१० साली लंडनच्या शिपायाला कायद्याने सुट्टी मिळाली. ठाण्याच्या किंवा सोलापूरच्या शिपायासाठी तसा विचारही कोणाच्या मनात आला नाही. आणि पुढे आपण इंग्लंडकडून बंदी तेवढी घेतली. १९२२ चा पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर १९६६ चा पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा आला. काही राज्यांत मान्यताप्राप्त संघटना उभ्या राहिल्या. पण देशभर कायद्याने उघडलेले दुसरे दार आपल्याकडे आले नाही.

*

‘ताण’ हा शब्द शरीरशास्त्राच्या अर्थाने पुढे आला तो १९३६ नंतर, हान्स सेल्ये याच्या प्रयोगांमुळे. निरनिराळ्या उपद्रवांना शरीर एकाच ठराविक रीतीने उत्तर देते, आणि ते उत्तर दीर्घकाळ चालू राहिले तर शरीर स्वतःच झिजते, असे त्याने दाखवले. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या पोलीस दलाने १९६८ साली पूर्ण वेळचा मानसशास्त्रज्ञ नेमला. १९७४ साली सिनसिनाटी येथील शंभर पोलिसांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी की पोलीस गोळीबाराची, गुंडांची, मृत्यूची भीती सांगतील. त्यांनी अधिक बोलून दाखवला तो आपल्याच खात्याच्या कारभाराचा आणि न्यायालयांतल्या वागणुकीचा जाच. जिवावरचे संकट माणूस पेलतो, कारण त्याला अर्थ असतो. निरर्थक खेटे, वेळी-अवेळी येणारा हुकूम आणि आपले कोणी ऐकत नाही ही जाणीव, यांनी तो आतून पोखरला जातो.

आपल्याकडे हीच गोष्ट राष्ट्रीय पोलीस आयोगाने सांगितली. नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमला गेला. फेब्रुवारी १९७९ च्या पहिल्याच अहवालात त्याने शिपायाच्या जगण्याला हात घातला. खालच्या दर्जाचे पोलीस दिवसाला दहा ते सोळा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करतात, हा राष्ट्रीय उत्पादकता परिषदेच्या पाहणीचा निष्कर्ष त्याने पुढे ठेवला. साहेबाच्या घरी भाजी आणणारा ‘ऑर्डर्ली’ ही पद्धत बंद करावी असे सुचवले. शिपाई हे यंत्र नव्हे, विचार करणारा माणूस आहे, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे उमटण्यास फ्रेझर आयोगानंतर पाऊणशे वर्षे लागली.

अहवाल फेब्रुवारीत आला. मे महिन्यात पंजाबचे पोलीस रस्त्यावर उतरले. पाहता पाहता असंतोष इतर राज्यांत आणि केंद्रीय दलांत पसरला. जूनमध्ये बोकारो येथे तर लष्कर आणि औद्योगिक सुरक्षा दल यांच्यात गोळीबार झाला. म्हणजे इशारा आधी मिळाला होता. वाचणारा कोणी नव्हता.

मुंबईचा प्रसंग तीन वर्षांनी आला. १९८२ च्या जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या, दत्ता सामंतांचा संप चालू होता, आणि बंदोबस्ताला उभे असलेले पुष्कळ शिपाई गिरणगावाच्या शेजारीच, बी.डी.डी. चाळींतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत राहत होते. काठी एका हाताने उगारायची आणि समोर उभा असतो तो शेजारी, कदाचित भाऊही. या मनःस्थितीला कोणत्या रकान्यात नोंदवावे? १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेचे पुढारी पकडले गेले आणि शहरात दंगल उसळली. कामगारही त्यांना येऊन मिळाले. बाबासाहेब भोसले यांच्या सरकारला लष्कर बोलवावे लागले. संघटनेची मान्यता गेली, कित्येक बडतर्फ झाले, आणि सारे प्रकरण ‘बेशिस्त’ या शब्दाखाली मिटवण्यात आले. बेशिस्त तर ती होतीच. पोलिसांच्याच हातून शहराची दुकाने व रस्ते असुरक्षित व्हावेत, याचे समर्थन कोणी करणार नाही. पण वाफ कोंडल्याचा दोष फक्त फुटलेल्या झाकणाला देऊन भागत नाही.

*

त्यानंतरही आकडे फारसे हलले नाहीत. पोलीस संशोधन व विकास विभागाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ठाण्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ कर्मचारी आठ तासांहून अधिक राबताना आढळले, आणि सुमारे तीन-चतुर्थांशांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. २०१९ च्या एका देशव्यापी अहवालाने पोलिसाचा सरासरी दिवस चौदा तासांचा सांगितला. चौदा तासांनंतर घरी आलेला माणूस कोणत्या मुलाचा अभ्यास घेणार, आणि अशा माणसासमोर उभ्या राहिलेल्या फिर्यादीने कोणत्या सौजन्याची अपेक्षा करावी? कोठडीतल्या मारहाणीचे समर्थन थकवा कधीच होऊ शकत नाही. पण ज्याचे स्वतःचेच हाल कोणी मोजत नाही, त्याला दुसऱ्याचे हाल मोजण्याची सवय लागणे कठीण, एवढे तरी मान्य करावे लागेल.

म्हणूनच मुंबईतली २०१६ सालची गोष्ट लहान असूनही मोलाची वाटते. त्या वर्षी देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा कोणा तज्ज्ञाने केलेला नव्हता. तो एका शिपायाने केला होता, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो वाचला, पटवून घेतला, आणि पुढे शहरातील इतर ठाण्यांतही नेला. १९०२ च्या आयोगाने ज्याला यांत्रिक कामापुरता धरला होता, त्यानेच विचार केला. पुढे महामारी आली, मनुष्यबळाची ओढाताण झाली, आणि घडी पुन्हा विस्कटली. २०२२ च्या आरंभी महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय निराळा जाहीर करावा लागला. वरिष्ठाच्या सद्भावनेवर उभी असलेली सवलत वरिष्ठाबरोबर बदलीवर जाते. सुट्टी टिकते ती कायद्यात लिहिली म्हणजे.

समुपदेशक जरूर असावेत. मन बिघडल्याचे सांगितले तर शस्त्र काढून घेतील, अडगळीच्या जागी टाकतील, सहकारी हसतील, ही धास्ती शिपायाच्या मनातून जावी, यासाठीही झटले पाहिजे. परंतु ज्याला झोपच मिळालेली नाही त्याला शांत झोपेचे तंत्र शिकवण्यात अर्थ नाही. १८६१ साली लिहिलेल्या त्या एका ओळीचा अर्थ आपण पुन्हा ठरवला पाहिजे : पोलीस हाक येताच कामावर यावा, हे योग्य, पण हाक नसेल तेव्हा तो घरी असावा, आणि त्याचे ते घरी असणे कायद्याने राखलेले असावे. लंडनच्या शिपायाला ही गोष्ट १९१० साली मिळाली. आपल्या नाक्यावरचा शिपाई तिची अजून वाट पाहतो आहे, आणि तीही उभ्यानेच.