अनुदान आणि वर्गणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विचारले, "यंदा कशावर बोलणार?" तेव्हा आम्ही 'अमेरिकेतील लॅटिनो लोकांच्या संस्था आणि त्यांना मिळालेली अनुदाने' हा विषय सांगितला. चालक जरा थबकले. कामगारांच्या चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने मजुरी आणि बोनस यांवर बोलावे, सातासमुद्रांपलीकडच्या लोकांच्या जमाखर्चात त्याने कशाला शिरावे, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. म्हणून आरंभी आमचीच एक गोष्ट सांगतो. म्हणजे या विषयाशी आमचे नाते काय ते आपल्या ध्यानात येईल.

आमच्या यंत्रमाग कामगारांच्या संघटनेला काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय निधीकडून तीन वर्षांचे अनुदान मिळाले. कचेरीचे भाडे, एक हिशेबनीस, एक संगणक आणि कार्यकर्त्यांचे शिक्षण असा त्याचा तपशील होता. संस्थेची क्षमता वाढवणे हा त्याचा हेतू. पैसा आला, कचेरीला रंग लागला, हिशेब प्रथमच वेळेवर तपासले गेले. परंतु दर रविवारी पावतीपुस्तक घेऊन कारखान्या-कारखान्यांतून फिरण्याचा आमचा जो परिपाठ होता, तो सुटला. रविवार अहवाल लिहिण्यात जाऊ लागला. तीन वर्षांनी अनुदान संपले. आम्ही पुन्हा पावतीपुस्तक घेऊन निघालो, तेव्हा कांड्या भरणाऱ्या एका बाईंनी विचारले, "साहेब, इतके दिवस कुठं होता?" त्या बाई पूर्वी आम्हांस 'भाऊ' म्हणत असत. दोष त्या निधीचा नव्हता, आमचा होता. परंतु त्या 'साहेब' शब्दाने आम्हांस पुस्तके उघडावयास लावली. आमची शाळा सातवीतच सुटलेली. इंग्रजी वाचावयाचे ते कोश मांडीवर घेऊन. हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला होता काय, याचा शोध घेता घेता आम्ही टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरापर्यंत जाऊन पोहोचलो.

तेथील लोकांची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातील युद्ध १८४८ च्या तहाने संपले आणि कॅलिफोर्नियापासूनचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला. तेथे राहणारी स्पॅनिश बोलणारी माणसे आपल्याच गावात परकी झाली. पुढे रेल्वे, खाणी आणि शेतमळे यांसाठी मेक्सिकोतून आणखी मजूर आले. कोणाचाच आधार नसलेल्या या लोकांनी परस्पर साहाय्याची मंडळे काढली. दर महिन्याला थोडेथोडे नाणे टाकावयाचे. आजारपण आले, मृत्यू झाला, तर त्यातून मदत करावयाची. १८९४ साली ॲरिझोनातील टुसॉन येथे निघालेली 'अलिआन्सा इस्पानो-अमेरिकाना' ही त्यांतील नामांकित संस्था. तेव्हा या लोकांच्या संस्थांचा उगम अनुदानात नाही, वर्गणीत आहे.

परंतु मयताच्या खर्चापुरती जमणारी वर्गणी मतदारयाद्यांसाठी, कोर्टकचेरीसाठी, शाळांसाठी पुरत नाही. येथे अनुदानाचा प्रवेश होतो. १९४७ साली लॉस एंजेलिस येथे 'कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन' ही संस्था निघाली. तिने घरोघर जाऊन हजारो मतदारांची नावे नोंदवली आणि १९४९ साली एडवर्ड रॉयबाल यांना शहराच्या कौन्सिलात निवडून आणले. पुढे श्वार्झहॉप्ट नावाच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या पैशावर संघटक नेमले गेले आणि शाखा वाढल्या. त्या पगारी संघटकांपैकी एक सीझर चावेझ. शेतमजुरांची संघटना बांधा, हा त्यांचा आग्रह संस्थेने मानला नाही, तेव्हा १९६२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि सप्टेंबरात फ्रेझ्नो येथे शेतमजुरांची स्वतंत्र संघटना उभी केली.

या संघटनेची वर्गणी महिना साडेतीन डॉलर ठेवली होती. शेतमजुराला ही रक्कम जड होती, आणि पहिल्या उत्साहात नावे दिलेल्यांपैकी बहुतेकांनी काही महिन्यांतच ती थांबवलीही. तरी चावेझ यांनी ती कमी केली नाही. ज्याने पोटाला चिमटा घेऊन पैसे भरले, तोच सभेत उभा राहून हिशेब विचारील, ही त्यामागची दृष्टी. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला आणि चावेझ यांची संघटना त्यात सामील झाली. त्याच सुमारास सरकारच्या दारिद्र्यनिवारण खात्याने या संघटनेला सुमारे २,६७,००० डॉलरचे अनुदान मंजूर केले. संप चालू असताना हे पैसे आम्हांस नकोत, असे चावेझ यांनी कळवले. सरकारी पैसा हाती असता, तर संप कोणाचा, मजुरांचा की खात्याचा, हा वाद मळेवाल्यांनी उभा केल्याशिवाय सोडला नसता.

मात्र येथे खोटा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. केवळ साडेतीन डॉलरच्या वर्गणीवर संप पाच वर्षे चालला नाही. १९६५ च्या डिसेंबरात मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉइथर डेलानोला आले आणि संप चालेल तोवर दरमहा ५,००० डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या, त्यात या बाहेरच्या पैशाचा वाटा होता. फरक इतकाच की तो पैसा कामगारांच्या वर्गणीतून आलेला होता.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. फोर्ड प्रतिष्ठान आपणांस अपरिचित नाही. १९५२ साली त्याने दिल्लीत कचेरी उघडली, ती अमेरिकेबाहेरची त्याची पहिली. हा पैसा मोटारींच्या कारखान्यात निर्माण झालेला. १९३७ साली त्याच कारखान्याच्या दाराशी पत्रके वाटावयास गेलेल्या रॉइथर यांना कंपनीच्या माणसांनी रक्तबंबाळ केले होते, हे आमच्यासारख्याला विसरता येत नाही. परंतु तोच पैसा १९६८ साली नैर्ऋत्य भागातील मेक्सिकन अमेरिकनांच्या कामी आला, हेही तितकेच खरे. अर्नेस्टो गालार्झा, जुलियन समोरा आणि हर्मन गायेगोस या तिघांनी फोर्डसाठी या समाजाची पाहणी केली. त्यातून 'साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा' ही संस्था निघाली. फोर्डने तिला ६,३०,००० डॉलर दिले. तिचे पहिले अध्यक्ष मक्लोविओ बाराझा हे ॲरिझोनातील तांब्याच्या खाणकामगारांचे संघटक, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. गावोगावच्या लहान मंडळांना पैसा आणि मार्गदर्शन देऊन आपल्या पायांवर उभे करावयाचे, हे या कौन्सिलचे काम.

त्याच वर्षी फोर्डने सॅन अँटोनिओतील एका नव्या संस्थेला पाच वर्षांसाठी २२ लाख डॉलर दिले. या संस्थेची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. पीट टिहेरिना नावाचे वकील १९६६ साली जवळच्या जॉर्डन्टन गावी एका बाईंचा दावा चालवीत होते. अपघातात त्यांचा पाय गेला होता. ज्यूरीच्या यादीत पाहावे, तर मेक्सिकन आडनावाचा माणूस सापडेना. अशा ज्यूरीपुढे न्याय मिळणार नाही हे ओळखून त्यांना पक्षकाराला तडजोडीचा सल्ला द्यावा लागला. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी वकिलांची संस्था होती, तशी आपली का नसावी, या विचारातून 'मॅल्डेफ' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. १९७३ साली सॅन अँटोनिओतील मेक्सिकन मतांची ताकद बुडवणारी मतदारसंघांची रचना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, आणि १९८२ साली कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही असा निर्णय दिला. दोन्ही दावे लढण्यात मॅल्डेफचे वकील पुढे होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा दाव्यांचा खर्च शेतमजुरांच्या वर्गणीतून निघाला असता काय? आम्हांस तरी तसे वाटत नाही.

परंतु पैशाच्या पाठोपाठ प्रश्नही आले. कौन्सिलच्या पैशातून सॅन अँटोनिओच्या युनिटी कौन्सिलला, आणि तिच्यामार्फत थोडासा वाटा 'मायो' नावाच्या जहाल तरुणांच्या मंडळाला मिळाला. १९६९ च्या वसंतात तरुणांच्या गटाने शहराच्या निवडणुकीत उमेदवार उभे केले, आणि 'मायो'च्या पुढाऱ्याने गोऱ्यांविरुद्ध अतिशय कडक भाषा वापरली. तेव्हा वॉशिंग्टनच्या लोकसभेत एक सभासद उठले आणि फोर्डचा पैसा समाजात द्वेष पेरतो आहे, असा आरोप त्यांनी दिवसामागून दिवस केला. हे सभासद कोणी गोरे मळेवाले नव्हते. ते हेन्री गोन्झालेझ, सॅन अँटोनिओचेच प्रतिनिधी आणि स्वतः मेक्सिकन वंशाचे. त्यांना आम्ही खलनायक ठरवीत नाही. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला, हे बाहेरच्या पैशावर चालणारे लोक कोणाला जबाबदार आहेत, असे विचारण्याचा हक्क होता. दुःख एवढेच की या प्रश्नाला उत्तर देण्याइतके वर्गणीदार त्या संस्थांजवळ नव्हते.

परिणाम लवकरच दिसले. 'मायो'चे पैसे बंद झाले. फोर्डच्या आग्रहावरून मॅल्डेफची मुख्य कचेरी १९७० साली सॅन फ्रान्सिस्कोला हलली. ला रासा कौन्सिलने मतदारसंघटनेपेक्षा घरे, उद्योग आणि शिक्षण यांवर भर द्यावा, असे दात्यांनी सुचवले. १९६९ च्या अखेरीस नवा करकायदाही झाला. त्याला केवळ सॅन अँटोनिओ कारण नव्हते. क्लीव्हलंड शहरात काळ्या मतदारांच्या नोंदणीला फोर्डने दिलेला पैसाही अनेकांना खुपत होता. प्रतिष्ठानांचा पैसा मतदारनोंदणीसाठी घ्यावयाचा असेल, तर संस्थेचे काम किमान पाच राज्यांत चालले पाहिजे, ते एकाच निवडणुकीपुरते असू नये आणि एका प्रतिष्ठानाचा वाटा एकूण मदतीच्या पाव हिश्शापेक्षा अधिक असू नये, अशा अटी त्यात आल्या. एका शहरात, एका निवडणुकीत, एका दात्याच्या बळावर काम करण्याची वाट बंद झाली.

यानंतर १९७४ साली त्याच सॅन अँटोनिओत जे घडले, ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. युनिटी कौन्सिलचे काम पाहिलेल्या विली वेलास्केझ यांनी त्या वर्षी मतदारनोंदणीची नवी संस्था काढली आणि अनेक राज्यांत काम, अनेक दाते, कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, अशी तिची रचना कायद्याच्या चौकटीत बसवली. अनुदान घ्यावयाचे, परंतु एकाच दाराशी उभे राहावयाचे नाही, हा धडा त्यांनी गिरवला. त्याच वर्षी अर्नेस्टो कोर्टेस यांनी शहराच्या पश्चिम भागातील चर्चमंडळ्या एकत्र करून 'कॉप्स' ही संघटना बांधली. आरंभीला चर्चच्या मोठ्या संस्थांनी तिला हात दिला, तरी तिचा कणा प्रत्येक मंडळीने भरावयाची वर्गणी हाच होता, आणि सरकारी अनुदान संघटनेसाठी घ्यावयाचे नाही, हा तिचा दंडक होता.

पश्चिम भागात दर पावसाळ्यात घराघरांत पाणी शिरत असे. गटारांची योजना १९४५ पासून शहराच्या दप्तरात पडून होती, हे या लोकांनी कागद चाळून शोधून काढले. शेकडो लोक शहराच्या मुख्य अधिकाऱ्याला जाब विचारावयास गेले. त्यांत गृहिणी पुष्कळ होत्या. त्याच नोव्हेंबरात चार कोटींहून अधिक डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी मान्यता दिली आणि गटारे बांधली जाऊ लागली. सरकारचा पैसा त्यांनी वस्तीच्या गटारांसाठी भांडून मिळवला. आपल्या कचेरीच्या भाड्यासाठी मात्र मागितला नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. ला रासा कौन्सिल राष्ट्रीय झाली, २०१७ साली तिने 'युनिडोसयूएस' हे नाव घेतले. मधल्या काळात तिचा पुष्कळसा खर्च केंद्र सरकारच्या पैशावर चालू लागला होता. १९८१ नंतर रेगन सरकारने कपात केली, तेव्हा तिला अनेक माणसे कमी करावी लागली. १९८३ साली 'हिस्पॅनिक्स इन फिलान्थ्रॉपी' ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत आपले पूर्वपरिचित हर्मन गायेगोस होते. या संस्थेने २०००च्या सुमारास अनेक दात्यांचा एक सामाईक निधी उभारला. लहान लॅटिनो संस्थांना हिशेबपद्धती, कार्यकारिणीचे शिक्षण आणि पैसा उभारण्याचे कसब मिळावे, यासाठीच तो होता. स्थानिक दात्यांनी पैसे काढावेत, राष्ट्रीय निधीने त्यात भर घालावी, अशी रीत ठेवली. बाहेरून येणाऱ्या पैशाला गावातल्या पैशाची जोड असावी, हे शहाणपण तीस वर्षांच्या अनुभवातून आलेले दिसते.

मग आमचा निष्कर्ष काय? अनुदान विष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मॅल्डेफ नसती तर किती मुले शाळेबाहेर राहिली असती, याचा विचार करावा. हिशेबनीस ही चैन नव्हे. गचाळ हिशेबाने बुडालेल्या संघटना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. परंतु संस्थेची क्षमता म्हणजे केवळ कचेरीची क्षमता, अशी समजूत झाली की घात होतो. अडचणीच्या दिवशी संस्थेसाठी किती माणसे उभी राहतात, हे खरे माप. १९६९ साली फोर्डने आखडता हात घेतला, तेव्हा 'मायो'च्या पाठीशी वर्गणीदार नव्हते. 'कॉप्स'च्या पाठीशी १९७४ साली होते.

आम्ही आमच्या संघटनेत त्यानंतर एक ठराव केला. बाहेरची मदत घ्यावी. परंतु ती चालू असतानाही एका रविवारची फेरी चुकवू नये, आणि अनुदानातून नेमलेल्या माणसाचा निम्मा पगार तरी वर्गणीतून निघाला पाहिजे. हे दरवर्षी साधतेच असे नाही. गेल्या वर्षी साधले नाही, आणि सर्वसाधारण सभेत आम्हांस त्याचा जाब द्यावा लागला. जाब विचारणाऱ्यांत त्या कांड्या भरणाऱ्या बाई पहिल्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला होता. परंतु त्यांनी आम्हांस 'भाऊ' म्हणूनच हाक मारली.