चोखोबांच्या नांवाची शाळा

मूल शाळेच्या दारांत प्रथम पाऊल टाकतें, तेव्हां अक्षरांच्या आधीं तें एक गोष्ट वाचून घेतें : आपण येथें हवे आहोंत कीं नकोसे. गुरुजींच्या मुद्रेवरून, बसावयास दाखविलेल्या जागेवरून, पाणी कसें दिलें जातें त्यावरून हा निवाडा त्यास कळतो. नागपुरांत हा निवाडा पालटण्यासाठीं जे झटले, त्यांत जाईबाई चौधरी यांचें नांव अग्रभागीं आहे. सुशिक्षित घरांत तें क्वचितच उच्चारलें जातें, ही खेदाची गोष्ट होय.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालीं उमरेड येथें महार कुटुंबांत झाला. १८९६ च्या दुष्काळामुळें आईबाप नागपुरास आले. नवव्या वर्षीं बापूजी चौधरी यांच्याशीं विवाह झाला. गरिबीमुळें त्यांना स्टेशनावर हमाली करावी लागली. त्या दिवसांत ग्रेगरी नांवाच्या मिशनरी बाईंची दृष्टि त्यांच्याकडे गेली. ओझ्याखालीं शिकूं पाहणारी एक मुलगी आहे, हें त्यांनीं ओळखलें, जाईबाईंना लिहावयावाचावयास शिकविलें आणि शिक्षिकेचें काम दिलें. पण बाई महार आहेत हें कळतांच सवर्ण पालकांनीं मुलें पाठविण्याचें नाकारलें व तें काम सुटलें. मुलांना या बाबतींत कोणीं विचारलें असेल, हें संभवत नाहीं.

१९२२ सालीं जाईबाईंनीं नागपुरांत संत चोखामेळा कन्याशाळा उघडली. नांवाची निवड मार्मिक आहे. चोखोबांना पंढरीच्या देवळांत प्रवेश नव्हता. त्यांची समाधिही महाद्वाराबाहेर पायरीपाशींच आहे. त्यांच्या नांवाच्या शाळेंत मुलींना आंत बोलावून बसविलें जाणार होतें.

येथें कोणी शंका काढील. १९१९ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर घ्यावें, असा हुकूम काढला होता. तेच महाराज १९२० सालीं नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते. मग दोनच वर्षांनीं त्याच शहरांत वेगळी शाळा कां ? कारण उघड आहे. छत्रपतींचा हुकूम संस्थानांत चाले, नागपुरांत नव्हे. ज्या पोरीला ओसरीवर दूर बसवीत, तिनें समाजाचें मन पालटेपर्यंत वाट पाहावी काय ? बालपण तेवढें थांबत नाहीं. सर्वांची एकच शाळा हें साध्य खरें. परंतु तोंवर जिला आपलें म्हणणारी एक तरी बाई भेटली, तिच्यापुरता प्रश्न सुटला. आणि ही बाई तर तोच नकार सोसून आलेली !

तो नकार मात्र संपला नव्हता. डिसेंबर १९३७ मध्यें नागपुरास अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन भरलें, तेव्हां जाईबाईंना भोजनास वेगळें बसविण्यांत आलें. सुविद्य भगिनींच्या मेळाव्यांत हें घडावें, याहून विपरीत तें काय ? १ जानेवारी १९३८ रोजीं दलित स्त्रियांनीं सभा भरवून निषेध नोंदविला. पुढें २० जुलै १९४२ रोजीं याच शहरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित महिलांची परिषद भरली. मुलांना शिक्षण द्या आणि त्यांच्या मनांतला न्यूनगंड काढून टाका, असें डॉ. आंबेडकरांनीं तेथें मातांना सांगितलें.