साहेबाचे कट्टे

विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांना हेलियमचा शोध इथेच लागला. त्या ग्रहणाच्या नोंदी मात्र वेगळे बोलतात. ग्रहण पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल भर पावसाळ्यातल्या ढगांशी झगडत होते. लॉकियर भारतात नव्हतेच. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी २० ऑक्टोबरला लंडनमधून, ग्रहणाशिवाय पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ असूनही त्यांच्याशी जुळेना. ती अज्ञात मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्ष त्यानंतरचा. पृथ्वीवर हे मूलद्रव्य, म्हणजे हेलियम वायू, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या हाती लागायला १८९५ उजाडावे लागले.

मग कट्टे कुठून आले? लोकांची आठवण निराधार नाही, तिच्यात तीस वर्षांची गल्लत झाली आहे. २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला लॉकियर खरोखर विजयदुर्गला आले होते आणि ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेचे नाविक त्यांच्या हाताखाली राबत होते. (त्याच दिवशी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. नायगमवाला जेऊरला वर्णपट टिपत होते. त्यांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.) हेलियमचा मान काढून घेतला तर किल्ल्याचे महत्त्व उणावेल, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. १८९८मध्ये लॉकियर नवे मूलद्रव्य शोधत नव्हते. मूलद्रव्ये घडतात कशी, हा त्यांचा प्रश्न होता. लोह, टायटॅनियम यांच्या काही रेषा विद्युत्-ठिणगीच्या प्रकाशात अधिक ठळक होतात. त्याच रेषा सूर्याच्या वर्णावरणात उठून दिसतात का, हे त्यांना लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी तपासायचे होते. प्रखर उष्णतेत मूलद्रव्ये फुटून साध्या घटकांत विरतात आणि तारा निवत गेला की पुन्हा घडतात, असे त्यांचे मत होते. १९००मध्ये त्यांनी ‘इनऑरगॅनिक इव्होल्यूशन’ या पुस्तकात ते सविस्तर मांडले.

हे उत्तर चुकीचे होते. त्या रेषा एखादा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या आहेत, हे १९२०मध्ये मेघनाद साहांच्या समीकरणाने उलगडले. अणूचे केंद्रक शाबूतच असते. तरीही फसलेला सिद्धान्त म्हणून तो बाजूला सारणे मला पटत नाही. मूलद्रव्ये कायमची नाहीत, त्यांना इतिहास आहे आणि तो ताऱ्यांत वाचता येतो, हे गृहीत टिकले. १९५७मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी त्याला केंद्रकीय अभिक्रियांचा पाया दिला. आजच्या हिशेबाने विश्वातला बहुतेक हेलियम ताऱ्यांच्याही आधीचा, महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला ठरतो. लॉकियर ज्याच्या रेषा निरखत होते ते लोह मात्र ताऱ्यांतच घडलेले आहे: सूर्य जन्मण्यापूर्वी जळून, फुटून गेलेल्या ताऱ्यांत.