कॉइलमधील नॉइज : भोवरी प्रवाह आणि त्वचा परिणाम

एमआरआय तपासणीत शरीराकडून येणारा रेडिओ संकेत टिपण्यासाठी तांब्याची कॉइल वापरतात. हा संकेत अत्यंत क्षीण असल्याने त्यात किती नॉइज मिसळतो, यावर चित्राची स्पष्टता अवलंबून असते.

नॉइजचे मूळ : उष्णतेमुळे वाहकातील इलेक्ट्रॉन सतत अनियमित हालचाल करतात व वाहकाच्या टोकांवर सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. जे. बी. जॉन्सन यांनी तो मोजला, तर हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र मांडले. दोघांचे शोधनिबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोध चौपट झाल्यास हा दाब दुप्पट होतो. मात्र येथे विचारात घ्यायचा रोध मल्टिमीटरने मोजलेला नसून प्रत्यक्ष वापराच्या वारंवारतेचा असतो.

त्वचा परिणाम : प्रत्यावर्ती प्रवाहामुळे तारेतील चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि तारेतच भोवरी प्रवाह निर्माण होतात. ते मध्यभागी मूळ प्रवाहाला विरोध करतात, पृष्ठभागाजवळ साथ देतात. परिणामी प्रवाह पृष्ठभागालगत एकवटतो. तांब्यात ५० हर्ट्झला या थराची जाडी सुमारे ९ मिलिमीटर असते; १.५ टेस्ला एमआरआयच्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झला ती अवघी ८ मायक्रोमीटर उरते. तेथे १ मिलिमीटर व्यासाच्या सरळ तारेचा रोध सुमारे ३० पट आणि नॉइजचा दाब साडेपाच पट होतो. कॉइलमध्ये शेजारच्या वेढ्यांच्या क्षेत्रामुळे रोध आणखी वाढतो.

कॉइलबाहेरील भोवरी प्रवाह : जवळच्या धातूत किंवा क्षारयुक्त ऊतींतही असे प्रवाह उद्भवतात. त्यांच्यामुळे होणारा ऊर्जाऱ्हास कॉइलला वाढीव रोधासारखाच जाणवतो आणि त्या पदार्थाच्या उष्णतेचा नॉइज कॉइलमध्ये उतरतो. मोठ्या कॉइलमध्ये शरीराचा हा वाटा तांब्याच्या नॉइजपेक्षाही अधिक असतो.

उपाय : सुमारे १ मेगाहर्ट्झपर्यंत, एकमेकींपासून विलग अशा बारीक तारांची गुंफण असलेली लिट्झ तार उपयोगी पडते. त्याहून बऱ्याच उच्च वारंवारतेला रुंद पट्टी किंवा नळी वापरतात. लहान नमुन्यांसाठी कॉइल थंड केल्यास मोठा लाभ होतो. मोठ्या कॉइलमध्ये मात्र तो अल्प, कारण रुग्णाचे शरीर थंड करता येत नाही. म्हणूनच एमआरआयमध्ये शरीरालगत अनेक लहान कॉइल मांडतात. प्रत्येक कॉइल शरीराच्या थोड्याच भागाचा नॉइज टिपते आणि चित्र अधिक स्वच्छ उमटते.